वीणा खाली ठेवायची नाही

अखंड हरिनाम सप्ताहाचा एक नियम थक्क करणारा आहे. पहिल्या दिवशी वीणा गळ्यात पडली की सात दिवस ती जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की थेट दुसऱ्याच्या गळ्यात. दोन-दोन तासांचे पहारे धरले, तर सप्ताहाला 84 पहारे भरावे लागतात. किन्हवलीच्या आसपास, शहापूर-मुरबाडच्या गावांत सप्ताह बसतो तेव्हा मध्यरात्रीनंतरचे पहारे निभतात ते तरण्या पोरांच्या जिवावर.

‘आताच्या मुलांना देवाधर्माचं काही नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा पाहावं. प्रवचनाला पेंगणारा मुलगा पहाटे काकड्याला हजर असतो, कारण मृदंग त्याला वाजवायचा असतो. वाद्याच्या डाव्या तोंडाला कणीक किती लावली म्हणजे आवाज भरदार लागतो, हे त्याच्या बोटांना ठाऊक असतं. तो आला नाही तर भजन अडतं. मला वाटतं, या वयाला नेमकं हेच हवं असतं: आपल्यावाचून कुणाचं तरी अडावं.

आणि हवी असते सोबत. हरिपाठाला दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, टाळ एकदम वाजतो, पावली एकदम पडते. अशा वेळी शरीरात काय घडतं? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांना गटागटाने नाचायला लावलं. तो अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. एका तालात नाचलेल्यांची वेदना सोसण्याची ताकद वाढली होती आणि सोबतची मुलं त्यांना जास्त जवळची वाटू लागली होती. त्यांनी फक्त हात हलवले तरी, सगळ्यांचे एकदम हलले की हाच परिणाम दिसला! तास-तास पावल्या खेळूनही पोरं दमत कशी नाहीत, याचं थोडं उत्तर इथे मिळतं.

पण मुलांना नुसता ताल पुरत नाही, त्यांना प्रश्नही विचारायचे असतात. ज्ञानदेवांचा जन्म 1275 चा मानला, तर 1290 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. आज दहावीत असतात ना, त्या वयाचे! त्यांची बहीण मुक्ताबाई तर त्यांच्याहून लहान. रागावून दार लावून बसलेल्या ज्ञानदेवांना तिने समजावलं आणि वयोवृद्ध चांगदेव तिचे शिष्य झाले, असं परंपराच सांगते. ज्या वारकरी पंथाने एका मुलीला इतकं मोठं मानलं, त्याच्या मंडपात मुलांना हात वर करून विचारता यायला हवं. कीर्तन संपल्यावर बुवांनी तासभर त्यांच्यात बसावं, एवढंच. प्रश्न त्यांच्याकडे तयार असतात. देव आहे तर आजी इतकी का सोसते? आणि रात्रीच्या पहाऱ्याला माझ्या बहिणीच्या गळ्यात वीणा का नाही?