घर्षणाची वीज : दाब दांडगा, धार बारीक



हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर अंगातून काढताना चटचट आवाज होतो, अंधारात बारीक ठिणग्याही दिसतात. पीव्हीसी पाइपचा कोरडा तुकडा घोंगडीवर खसाखसा घासून कागदाच्या कपट्यांजवळ नेला, तर कपटे उडी मारून त्याला चिकटतात. ही घर्षणाची वीज. माणसाला ती दोन हजारांहून अधिक वर्षे माहीत आहे, पण आजवर तिचा उपयोग थोडा आणि उपद्रव फार. कोरड्या हवेत फिरत्या पट्ट्याजवळ हात नेला की जो झटका बसतो, तो तिचाच. या उपद्रवी विजेला कामाला जुंपण्याचे प्रयत्न आता जगभर चालू आहेत. त्या साधनाचे नाव 'ट्रायबोइलेक्ट्रिक नॅनोजनरेटर' असे लांबलचक आहे. आपण त्याला घर्षण-जनित्र म्हणू.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात अटलांटा शहरी जॉर्जिया टेक ही संस्था आहे. तेथील प्रा. झोंग लिन वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली पहिले घर्षण-जनित्र जाहीर केले. पॉलिस्टर आणि पॉलिइमाइड या दोन प्लास्टिकचे पातळ पापुद्रे एकावर एक ठेवले, दोघांच्या बाहेरच्या अंगाला धातूचा मुलामा दिला, आणि ते सारे वाकवले-सोडले. ३.३ व्होल्टपर्यंत वीज मिळाली. सामान एवढेच!

आता हे चालते कसे? प्रत्येक पदार्थाचा स्वभाव वेगळा. काच, नायलॉन, लोकर हे आपले इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकणारे. टेफ्लॉन, पीव्हीसी हे घेणारे. दोघांची गाठ पडली की एकाकडून दुसऱ्याकडे थोडे इलेक्ट्रॉन जातात. दोन्ही पापुद्रे टेकलेले असतात तोवर हे धन आणि ऋण भार एकमेकांना झाकून ठेवतात, बाहेर काही कळत नाही. पापुद्रे दूर झाले की झाकण उघडते. मग पाठीमागच्या धातूंतले इलेक्ट्रॉन तोल साधण्यासाठी तारेतून पलीकडे धावतात. पुन्हा दाबले की परत येतात. दाब-सोड, दाब-सोड, आणि तारेतून वीज इकडून तिकडे. पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा खडबडीतपणा मुद्दाम ठेवला की वीज वाढते, कारण स्पर्श जास्त जागी होतो. नावातले 'नॅनो' या बारीक खडबडीतपणासाठी आहे. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

पुढच्या काळात तळहाताएवढ्या तुकड्यातून शेकडो व्होल्ट, काही रचनांत हजारो व्होल्ट मिळू लागले. पायाखाली पट्टी ठेवून एका पावलासरशी शेकडो एलईडी दिवे लुकलुकवून दाखवले गेले. असे चित्र पाहिले की कोणालाही वाटेल, आता विहिरीवरची मोटर यावर चालणार आणि रात्रीच्या लाइटीची वाट बघणे सुटणार. तसे नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकतो.

पाण्याच्या भाषेत बोलू. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची, अँपिअर म्हणजे पाइपातून वाहणारे पाणी. घर्षण-जनित्राची टाकी डोंगराच्या माथ्यावर आहे, पण पाइप सुईच्या नेढ्याएवढा. १,००० व्होल्ट दाब आणि १० मायक्रोअँपिअर प्रवाह धरला, तर हाती येतो वॅटचा शंभरावा भाग, तोही क्षणभर. ५ अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे ३,७०० वॅट लागतात. म्हणजे पावणेचार लाख पट्ट्या एकाच वेळी दाबत राहावे लागेल. तेवढी माणसे असती तर पाणी घागरींनीच आणले असते!

मग याचा उपयोग काय? जिथे उंची हवी आणि पाणी ओंजळभर पुरे, तिथे. याचे चांगले उदाहरण जॉर्जिया टेकमध्येच २०१७ साली पुढे आले. रेणूंचे वजन करणारे 'मास स्पेक्ट्रोमीटर' नावाचे यंत्र असते. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांत औषधाचा अंश किती राहिला, हे अशाच यंत्रांनी तपासतात. त्यात नमुन्याचे द्रव सुईतून हजारो व्होल्टच्या जोराने फवारले जाते. नेहमीच्या वीजपुरवठ्यावर हा फवारा चालूच राहतो आणि नमुना वाया जातो. वांग आणि फाकुंडो फर्नांडिझ यांच्या गटाने तो दाब घर्षण-जनित्राने दिला, ५ ते ९ हजार व्होल्ट. दर हालचालीला भार ठरावीकच निघतो, म्हणून फवाराही मोजून मापून, आणि अगदी थोड्या नमुन्यात काम होते. बाकीच्या यंत्राला, त्याच्या पंपांना नेहमीची वीज लागतेच, हे विसरू नये.

दुसरा उपयोग आपल्याला अधिक जवळचा वाटतो. ही वीज कामाला अपुरी असली तरी निरोप द्यायला पुरते. हालचाल झाली की टिचकी वाजल्यासारखा एक ठोका तारेत येतो, त्यासाठी सेल नको की बॅटरी नको. चीनमधील संशोधकांनी बॉल बेअरिंगच्या आतच अशी रचना बसवून पाहिली आहे. गोळ्या फिरतात तसे ठोके पडतात. ते मोजले की फेरे कळतात, आणि गोळ्या घसरू लागल्या तर तेही कळते.

बेअरिंगचे एवढे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. त्याच जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथे इंपीरियल शुगर कंपनीचा साखर कारखाना होता. ७ फेब्रुवारी २००८ रोजी तेथे साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ कामगार मृत्युमुखी पडले. साखरेच्या उंच कोठ्यांखालून जाणारा पट्टा आदल्या वर्षीच पोलादी पत्र्यांनी बंदिस्त केला होता. आत धूळ कोंडली, आणि तापलेल्या बेअरिंगने ती पेटली असावी, असा अमेरिकी सरकारच्या चौकशी मंडळाचा निष्कर्ष निघाला. पत्र्याआडच्या बेअरिंगला हात लावून कोण बघणार?

अर्थात घर्षण-जनित्राला उष्णता थेट कळत नाही, बिघडलेली चाल कळते. ठोके मोजणाऱ्या आणि निरोप पोचवणाऱ्या यंत्राला बहुधा निराळी वीज लागते, तेव्हा 'बिनविजेचे' हा शब्द अर्धाच खरा. दमट हवेत भार गळून जातो, आणि साखर कारखान्यात वाफेला काय तोटा? पापुद्रे घासून झिजतात. शिवाय जिथे साखरेची धूळ उडते, तिथे हजारो व्होल्टचे कोणतेही साधन उघडे ठेवणे म्हणजे चुलीजवळ रॉकेल ठेवणे. म्हणून उद्या कोणी विक्रेता अशी वस्तू घेऊन आला, तर धुळीच्या जागी वापरण्याचा दाखला तिला आहे का, श्रावणातल्या दमटपणात ती चालते का आणि पापुद्रा किती महिन्यांनी बदलावा लागतो, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे.