जुन्या ऑफ-रोड वाहनातील ध्वनियंत्रणेची सुधारणा

जुन्या ऑफ-रोड वाहनातील ध्वनियंत्रणेची सुधारणा म्हणजे खडबडीत मार्गांसाठी बनविलेल्या जुन्या मोटारीत नवे हेड युनिट, स्पीकर व अ‍ॅम्प्लिफायर बसविणे आणि त्यासाठी आवश्यक ती विद्युतजोडणी करणे. या कामात आवाज वाढविण्याइतकेच वीजपुरवठा सुरक्षित ठेवणे व वाहनातील गोंगाट कमी करणे महत्त्वाचे असते.

पार्श्वभूमी

पिंपरी-चिंचवड परिसराचा अशा वाहनांशी जुना संबंध आहे. टेल्कोची (आताची टाटा मोटर्स) सफारी १९९८ मध्ये बाजारात आली. तिचे उत्पादन येथे होत असे. गुरखा हे वाहन बनविणाऱ्या फोर्स मोटर्सचे मुख्यालय आकुर्डीत आहे. त्या काळी मोटारींत कॅसेट प्लेअर प्रचलित होता. त्याच्या खाचेचे १८० × ५० मिलिमीटर हे प्रमाणित माप आजही वापरात असल्याने ब्लूटूथ असलेले नवे युनिट बहुधा त्याच जागी बसते.

शक्तीचे गणित

हेड युनिटच्या खोक्यावर ‘५० वॅट × ४’ असे छापलेले असते. इंजिन चालू असताना सुमारे १४.४ व्होल्ट दाब मिळतो. ४ ओहम रोधाच्या स्पीकरवर हा पूर्ण दाब सतत राहिला, तर ५२ वॅट शक्ती मिळेल. मात्र तेव्हा ध्वनी विकृत झालेला असतो. शुद्ध ध्वनीसाठी सैद्धांतिक कमाल मर्यादा सुमारे २६ वॅट असून प्रत्यक्षात त्याहूनही कमी शक्ती मिळते. शक्ती दुप्पट केल्यास ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. त्यामुळे डिझेल इंजिन, टायर व वारा यांच्या गोंगाटावर निव्वळ शक्तीने मात करणे महाग पडते. दाराच्या पत्र्याला आतून कंपशोषक ब्युटाइल पट्ट्या लावल्यास पत्र्याची थरथर कमी होते आणि स्पीकरचा ध्वनी स्पष्ट ऐकू येतो. ताडपत्रीच्या छताच्या गाडीत मात्र या उपायाचा लाभ मर्यादित असतो.

विद्युतजोडणी

वयोमानाने तारांवरील आवरण कडक होऊन तडकते. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरला जुन्या तारांतून वीज न देता बॅटरीपासून स्वतंत्र तांब्याची केबल टाकतात. एकूण ४०० वॅटचा, ८० टक्के कार्यक्षमतेचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण भारावर १४ व्होल्टला सुमारे ३६ अँपिअर प्रवाह घेतो. बॅटरीच्या धन टोकापासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज असणे आवश्यक आहे. हा फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरसाठी नव्हे, तर केबलच्या रक्षणासाठी असतो. केबल पत्र्यावर घासून उघडी पडल्यास फ्यूजअभावी आग लागू शकते. पत्र्याच्या छिद्रातून केबल नेताना रबरी कडे बसविण्याचे कारणही हेच.

इंजिनाच्या गतीबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू आली, तर बहुधा अर्थिंगमध्ये दोष असतो. सर्व उपकरणांची अर्थ एकाच ठिकाणी, रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट जोडणे आणि संदेशवाहक तार वीजकेबलपासून दूर ठेवणे हे त्यावरचे उपाय होत.

धूळ, पाणी व कंप

ओढा ओलांडताना गाडीच्या तळाशी पाणी शिरू शकते. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर फरशीवर न ठेवता उंचावर बसवितात. दमट हवेत कागदी शंकूपेक्षा पॉलिप्रॉपिलीनचा शंकू अधिक टिकतो. कंपशोषक पट्ट्या लावताना दाराच्या तळाची निचऱ्याची छिद्रे बुजवू नयेत. बुजविल्यास पावसाचे पाणी साचून दार आतून गंजते.

कायदा व आरोग्य

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल वाहनात करता येत नाहीत. त्यामुळे सबवूफरच्या पेटीसाठी आसने काढून टाकणे योग्य नव्हे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल पातळीचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकणे प्रौढांसाठी सुरक्षित मानता येते. पातळी वाढली की हा अवधी झपाट्याने घटतो. रुग्णवाहिकेचा भोंगा चालकाला ऐकू येईल इतकाच आवाज ठेवणे सुरक्षिततेच्या दृष्टीने आवश्यक आहे.