बेटकास्टिंग रीलवर विणलेली दोरी किती जाड हवी?

बेटकास्टिंग रीलमध्ये दोरी गुंडाळलेले स्पूल काठीवर आडवे बसवलेले असते आणि गळ फेकताना ते स्वतः गरगर फिरते. आमिष हवेत ज्या वेगाने पुढे जाते, त्याच वेगाने स्पूलने दोरी सोडायला हवी. आमिष मंदावले आणि स्पूल फिरतच राहिले, तर सैल झालेले वेढे उसळतात आणि बोटांनी सोडवता सुटणार नाही असा गुंता होतो. स्पिनिंग रीलचे स्पूल फेकीच्या वेळी स्थिर असते, दोरी त्याच्या कडेवरून सुटत जाते. तिथे बारीक दोरी शोभते. बेटकास्टिंगचा हिशेब निराळा आहे. इथे दोरी निवडताना ती किती वजन पेलते यापेक्षा तिची जाडी आधी पाहावी लागते.

पूर्वी हा प्रश्न फारसा पडत नसे, कारण दोरी म्हणजे तंगूस, नायलॉनचा एकसंध धागा. १९३०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीने नायलॉन बाजारात आणले आणि जगभरच्या गळकऱ्यांनी ते उचलले. तंगूस ताणले की चांगलेच लांबते आणि मजबूत हवे असेल तर जाडच घ्यावे लागते. पुढे नेदरलँड्समध्ये डायनीमा आणि अमेरिकेत स्पेक्ट्रा या नावांनी पॉलिइथिलीनचे अतिशय बळकट तंतू तयार होऊ लागले. असे चार किंवा आठ पदर विणून आजची ब्रेडेड लाइन बनते. ती जेमतेम तीन-चार टक्के ताणली जाते, पाण्याहून किंचित हलकी असल्यामुळे तरंगते, आणि त्याच जाडीच्या तंगुसापेक्षा कितीतरी जास्त ओढ सोसते.

वेष्टनावरचे आकडे नवख्याला गोंधळात पाडतात. अमेरिकी पद्धतीत ताकद पाउंडांत लिहितात. अशा दोऱ्यांमध्ये साधारणपणे २० पाउंडांची दोरी ०.२३ मिलिमीटर, ३० पाउंडांची ०.२८, ५० पाउंडांची ०.३६ आणि ६५ पाउंडांची ०.४१ मिलिमीटर जाड असते. जपानी पद्धतीत ‘पीई’ क्रमांक असतो: पीई १ म्हणजे सुमारे ०.१६५ मिलिमीटर आणि पीई ४ म्हणजे ०.३३. क्रमांक चौपट झाला तरी जाडी दुप्पटच होते, कारण तो दोरीच्या वजनावर, म्हणजेच तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर बेतलेला आहे. पाउंडांचे आकडे कंपनीगणिक बदलतात, कधी फुगवलेलेही असतात. म्हणून खरेदी करताना मिलिमीटरचा आकडा आधी वाचावा.

रीलवर किती दोरी मावेल, हेही जाडीवरच ठरते आणि तेही वर्गाच्या प्रमाणात. ज्या रीलवर ०.३३ मिलिमीटरचे तंगूस १०० मीटर मावते, तिथे ०.२८ची दोरी सुमारे १३९ मीटर मावेल, ०.२३ची २०० मीटरांहून थोडी अधिक आणि ०.४१ची जेमतेम ६५ मीटर.

आता मुख्य मुद्दा. ५० पाउंड म्हणजे जवळजवळ २३ किलो. गोड्या पाण्यासाठीच्या अनेक बेटकास्टिंग रीलचा ड्रॅग पाच किलोंच्या आसपास ओढ बसली की सरकू लागतो आणि दोरी सोडतो. मग २३ किलोंची दोरी कशाला? ती ताकदीसाठी नसते. बारीक दोरी ओढ बसताच स्पूलवरच्या खालच्या थरांत रुतते. मासा लागला, किंवा गळ खडकात अडकून जोर लावावा लागला, की वरचा वेढा दोन वेढ्यांच्या फटीत घुसतो. पुढच्या फेकीत दोरी तिथेच अडते, स्पूल झटक्याने थांबते आणि आमिष तुटून दूर पाण्यात पडते. जाड दोरी अशी रुतत नाही, गुंता झाला तरी लवकर सुटतो आणि बोटांनाही कमी कापते. बेटकास्टिंगसाठी ०.२८ मिलिमीटरच्या खाली शक्यतो जाऊ नये, हा नियम यातून आला आहे. त्याहून बारीक दोरी फक्त हलक्या आमिषांसाठी बनवलेल्या खास उथळ स्पूलवर वापरावी. उलट फार जाड दोरीने फेक आखडते, वाऱ्यात पोट सुटते आणि दहा ग्रॅमांखालचे आमिष दूर जातच नाही.

जबलपूर जिल्ह्यातील मझौलीचा परिसर हे गणित समजून घ्यायला चांगला आहे, कारण इथे वेगवेगळ्या जातीचे पाणी जवळजवळ आहे. मझौली तालुक्याजवळून वाहणारी हिरन पुढे नर्मदेला मिळते. नर्मदेवर जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगी धरण आहे आणि खाली भेडाघाटला संगमरवरी कडे. तळ्यांत आणि नदीच्या संथ, शेवाळलेल्या कडांना मरळ असते. तिच्यासाठी पोकळ रबरी बेडूक पाणवनस्पतींवरून ओढत आणतात आणि लागलेला मासा गवतासकट बाहेर काढावा लागतो. तिथे ०.३६ ते ०.४१ मिलिमीटरच हवी. उघड्या जलाशयात, अडथळे कमी असताना, ०.२८ पुरते आणि फेकही लांब जाते. मात्र धरणांच्या पाण्यात बुडालेली झाडे असतात, त्यांच्या आसपास एक पायरी वर चढावे.

नर्मदेच्या खडकाळ पट्ट्यात जाड दोरीही एकटी पुरत नाही. ताणलेली ब्रेडेड लाइन दगडाच्या धारेवर घासली की क्षणात तुटते. हा तिचा मोठा दोष आहे आणि जाहिरातींत तो क्वचितच सांगितला जातो. म्हणून तिच्या टोकाला दीड-दोन मीटर नायलॉनचा किंवा फ्लुओरोकार्बनचा लीडर बांधतात. दोरी ०.३६ असेल तर लीडर ०.४५ ते ०.५० मिलिमीटरचा ठेवावा. महसीर हा मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे आणि नर्मदेतील त्याची संख्या घटली आहे. तो गळाला लागलाच तर लवकर काठाशी आणून सोडून द्यायला हवा. दोरी तुटून तोंडात गळ घेऊन गेलेल्या माशाला ही संधी मिळत नाही. राज्यात १६ जून ते १५ ऑगस्ट हा प्रजननाचा काळ मासेमारीसाठी बंद असतो. एरवीही कोणत्याही पाण्यावर जाण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी.

दोरी भरतानाही काळजी हवी. ब्रेडेड लाइन गुळगुळीत असल्यामुळे उघड्या स्पूलवर सबंध गुंडाळी घसरते. खाली तंगुसाचे आठ-दहा वेढे दिले की ती धरून राहते. वरची दोरी ओल्या कापडात चिमटीत धरून घट्ट भरावी. सैल भरलेली ०.३६ची दोरीसुद्धा रुतते. रंग उडाला म्हणजे दोरी गेली असे नाही, कारण या तंतूंत रंग मुरतच नाही. पदर विस्कटून केसाळ झाले असतील तर मात्र तेवढा तुकडा कापावा किंवा सगळी दोरी उलटी करून भरावी.

पहिलीच बेटकास्टिंग रील घेणाऱ्याने ०.३६ मिलिमीटरची, आठ पदरी नव्हे तर चार पदरी दोरी घ्यावी. ती स्वस्त असते आणि तिचे पदर जाड असल्यामुळे घर्षणाला जास्त टिकते. आणि कापलेला प्रत्येक तुकडा खिशात घालून परत न्यावा. पॉलिइथिलीन कुजत नाही, आणि काठावर टाकलेल्या दोरीत पाणपक्ष्यांचे पाय अडकतात.