तापाचा माग

श्रीलंकेत १९६३ साली वर्षभरात हिवतापाचे फक्त १७ रुग्ण सापडले होते. रोग गेला असं धरून फवारणी आणि रक्ततपासणी सैलावली, आणि १९६९ साली हाच आकडा पाच लाखांच्या वर गेला. तिथले हिवताप-संशोधक आज इतक्या काटेकोरपणे का वागतात, ते या दोन आकड्यांतून समजतं. ऑक्टोबर २०१२नंतर त्या देशात स्थानिक लागणीचा रुग्ण नव्हता. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेनं देश हिवतापमुक्त जाहीर केला. या वेळी मात्र कोणी हात झटकून मोकळं झालं नाही.

डिसेंबर २०१८मध्ये मोनरागला जिल्ह्यात एका श्रीलंकन माणसाच्या रक्तात व्हायव्हॅक्स हिवतापाचे जंतू सापडले. तो देशाबाहेर गेलेला नव्हता. मग जंतू आले कुठून? तपास पोचला तो त्याच्याच बांधकामावर काम करणाऱ्या एका परदेशी मजुरापर्यंत. त्या मजुराला आधीच हिवताप झालेला होता. मजुराला चावलेली डासाची मादी पुढे या माणसाला चावली, असा निष्कर्ष निघाला.

हे ठरवायचं कसं? सुरुवात काचपट्टीपासून होते. बोटाच्या टोकाला सुई टोचून घेतलेलं रक्त एकाच पट्टीवर दोन प्रकारे पसरतात. जाड थर गोल फिरवून लावतात. त्यात रक्त जास्त मावतं, म्हणून मोजकेच जंतू असले तरी नजरेला पडतात. पातळ थर दुसऱ्या पट्टीच्या कडेनं ओढलेला असतो. त्यात तांबड्या पेशी सुट्या सुट्या दिसतात, त्यामुळे जंतूची जात व्हायव्हॅक्स की फाल्सिपारम हे ओळखता येतं. रंग देऊन, तेलाचा थेंब टाकून, पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली इंच इंच सरकवायची. जंतू दिसला नाही तरी निदान शंभर दृश्यं पाहिल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहायचं नाही. हिवताप नसलेल्या देशात हे काम उलट अवघड होतं. हजारो पट्ट्यांत एकही जंतू न दिसणाऱ्या तंत्रज्ञाची नजर तयार ठेवावी लागते, त्यासाठी त्याच्यापुढे मुद्दाम सरावाच्या पट्ट्या ठेवाव्या लागतात.

पट्टीनंतर दिवसांचं गणित. डासाच्या पोटात गेलेले जंतू त्याच्या लाळेपर्यंत पोचायला हवामानानुसार साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. डास चावल्यावर जंतू आधी माणसाच्या यकृतात वाढतात. ताप यायला आणखी दोनेक आठवडे जातात. म्हणजे पहिल्याच्या आजारपणात आणि दुसऱ्याच्या तापात तीन-चार आठवड्यांचं किंवा त्याहून जास्त अंतर हवं. दोघांना एकाच आठवड्यात ताप आला असेल, तर एकापासून दुसऱ्याला झाला असं म्हणता येत नाही. व्हायव्हॅक्सची आणखी एक खोड आहे. डासाला लागण करणारी त्याची रूपं रक्तात फार लवकर येतात, अनेकदा निदान होण्याआधीच. औषध सुरू झालं तेव्हा डास चावून गेलेलाही असू शकतो.

म्हणून रुग्ण सापडला की फक्त त्याला गोळ्या देऊन भागत नाही. त्याच्या खोलीतल्या, कामावरच्या, शेजारच्या माणसांचं रक्त तपासायचं, डास पकडायचे, पाणी साठलेल्या जागा शोधायच्या. नोंद तीन प्रकारांत होते: बाहेरून आलेला रुग्ण, बाहेरून आलेल्यापासून लागण झालेला, आणि त्याच्याही पुढच्या साखळीतला, म्हणजे स्थानिक. मोनरागलाचा माणूस दुसऱ्या प्रकारातला. साखळी तिथेच तुटली, म्हणून देशाचा दर्जा टिकला.

आता नवी काळजी ॲनोफिलीस स्टीफेन्साय या डासाची. श्रीलंकेत हिवताप पसरवणारा जुना डास ॲनोफिलीस क्युलिसिफेसिस. दुष्काळात नदी आटून मागे राहणाऱ्या डबक्यांत तो वाढतो. १९३४-३५ची भीषण साथ अशाच कोरड्या वर्षात आली. स्टीफेन्साय मात्र शहरी. मुंबईकरांना तो चांगला परिचयाचा असायला हवा: गच्चीवरची झाकण नसलेली टाकी, बांधकामावरचं साठवलेलं पाणी, विहीर, ही त्याची घरं. हा डास २०१६च्या अखेरीस श्रीलंकेच्या उत्तर भागात, मन्नारमध्ये सापडला. शहरी पाण्यात वाढत असल्यानं जिथे माणसांची वर्दळ जास्त, तिथेच त्याची सोय. आपल्याकडे टाकी झाकायला सांगणारा पालिकेचा माणूस दारात आला की आपण कंटाळतो, आणि तो बिचारा मात्र हीच साखळी तोडायला आलेला असतो.

या साऱ्या तपासात सगळ्यात मोलाचा प्रश्न तापाच्या रुग्णाला डॉक्टरनं विचारायचा असतो: गेल्या वर्षभरात कुठे कुठे गेला होतात? वर्षभर एवढ्यासाठी की व्हायव्हॅक्सचे काही जंतू यकृतात निद्रिस्त राहतात आणि महिन्यांनी जागे होतात. परदेशात स्थायिक झालेली माणसं हिवताप असलेल्या आपल्या गावाला जाऊन येतात, तेव्हा ‘मी तर तिथलाच’ म्हणून निर्धास्त असतात. पण लहानपणी वारंवार लागण होऊन आलेली थोडीफार प्रतिकारशक्ती दूर राहिल्यावर ओसरते.

झोपलेल्या जंतूंवर प्रायमाक्विन चालतं. त्याआधी जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता आहे का ते पाहावं लागतं, नाहीतर कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. ठरलेला कोर्स चौदा दिवसांचा, आणि ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशीच उतरलेला असतो. रुग्ण मजूर असेल, तर तोवर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. त्याला फोन करून, माणूस पाठवून, चौदाव्या दिवसाची गोळी त्याच्या हातात पडते की नाही हे बघणं आणि पुढे वर्षभर त्याचं रक्त पुन्हा पुन्हा तपासणं, हेही त्याच संशोधनाचा भाग आहे.