एकेचाळीस यो-यो आणि एक दोरी

मराठीच्या प्राध्यापकाच्या घरी काचेच्या कपाटात पुस्तके असावीत, ही पाहुण्यांची अपेक्षा रास्तच म्हटली पाहिजे. आमच्या कपाटात मात्र एकेचाळीस यो-यो आहेत. लाकडी, पत्र्याचे, प्लास्टिकचे! पाहुणे आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "एखादा फिरवून पाहू का?" तेव्हा मी कपाटाला पाठ लावून उभा राहत असे.

खेळणे पोरकट दिसते खरे, पण त्याचे कूळ मोठे आहे. इसवी सनापूर्वी ४४० च्या सुमाराच्या एका ग्रीक पात्रावर यो-यो खेळणारा मुलगा रंगवलेला आहे. आपल्याकडे सूरदासांचा बाळकृष्ण व्रजात खेळायला निघतो, तो हाती भोवरा आणि चकडोरी घेऊन. ही चकडोरी, म्हणजे हिंदीतली चकई, यो-योचीच सख्खी बहीण. 'यो-यो' हे नाव मात्र फिलिपाइन्सकडचे. पेद्रो फ्लोरेस नावाच्या फिलिपिनो गृहस्थाने १९२८ साली कॅलिफोर्नियात यो-योचा कारखाना काढला. पुढे तो धंदा डोनाल्ड डंकन यांनी विकत घेतला आणि साऱ्या अमेरिकेला या खेळाचे वेड लावले.

फ्लोरेसच्या यो-योची सारी खुबी दोरीत होती. दोरी आसाला गाठ मारून बांधली, तर चकती खाली जाते आणि लगेच वर येते, खेळ संपला. पण सूत दुहेरी करून पीळ भरला आणि त्याचा फास आसाभोवती नुसता अडकवला, तर यो-यो तळाशी जागच्या जागी गरगरत राहतो. खेळाडू म्हणतात, 'झोपला.' हाताला हलका झटका दिला की दोरी आसाला धरते आणि स्वारी मुठीत परत!

माझा पहिला यो-यो तांबड्या लाखेचा, लाकडी. मी चौथीत असताना दादांनी जत्रेतून आणला होता. दोरीही तेच वळून घालीत. दादा गेल्यावर मी तो दोरीसकट कपाटात ठेवला आणि पुन्हा कोणाला हात लावू दिला नाही.

परवा दिवाळीची साफसफाई चालली असता आमच्या सातवीतल्या कन्येने तो काढला आणि फेकला. दोरी तटकन तुटली. यो-यो पलंगाखाली गेला. मी आयुष्यात प्रथमच तिच्यावर ओरडलो. डोळे पुसत ती म्हणाली, "पण बाबा, दोरी झिजतेच ना! ती बदलायचीच असते."

मी गप्प झालो. लहानपणी तुटलेली दोरी घेऊन मी कितीदा दादांकडे धावलो होतो! तेही कधी रागावले नव्हते; चष्मा पुसून नवे सूत घेऊन बसत. मी इतकी वर्षे जपली, ती त्यांतली नुसती शेवटची दोरी होती.

संध्याकाळी सूत आणले. दोरी जमिनीपासून बेंबीपर्यंत हवी, म्हणून तिला उभी करून माप घेतले. एक टोक तिने धरले, दुसऱ्याला मी पीळ भरला. तिसऱ्या फेकीला दादांचा यो-यो झोपला, आणि तिच्या मुठीत परत आला.

कपाटात आता चाळीसच आहेत. आणि वाचकहो, पाहुण्यांनाही आता मुभा आहे. दोरी तुटली, तर सूत घरात आहे.