तयार सादरीकरण पोहोचवावे कसे?

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील उसाच्या शेतांत वावरणाऱ्या बिबट्यांविषयीची जनजागृती असो, नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रातील प्रशिक्षण असो किंवा 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांनी बनलेल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची ओळख असो, संगणकावर रचलेल्या स्लाइड, म्हणजे मजकूर व चित्रांची क्रमवार पाने, प्रेक्षकांपर्यंत कोणत्या रूपात पोहोचतात यावर त्यांचा परिणाम बराचसा अवलंबून असतो.

वक्ता समोर असल्यास प्रोजेक्टर पुरेसा ठरतो; मात्र राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे 28 फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला भरणाऱ्या प्रदर्शनासारख्या गर्दीत आपोआप पुढे सरकणारे आणि संपताच पुन्हा सुरू होणारे सादरीकरण अधिक सोयीचे.

मूळ फाइल पाठवणे हा सर्वांत सोपा आणि, मराठीपुरते बोलायचे तर, सर्वांत धोक्याचा मार्ग होय. कारण युनिकोडपूर्व पद्धतीच्या फाँटमध्ये, म्हणजे जुन्या अक्षरसंचात, टंकलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांत बदलतो. 1993 मध्ये आलेले पीडीएफ हे स्वरूप अक्षरे व मांडणी जशीच्या तशी राखते, पण हालचाल गमावते. ती हवी असल्यास निवेदनासह व्हिडिओ करावा लागतो.

दुवा पाठवल्यास दुरुस्ती एकाच ठिकाणी होते आणि केवळ पाहण्याची परवानगी देता येते, परंतु भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यात जेथे नेटवर्क क्षीण असते, तेथे पेनड्राइव्ह किंवा एका पानावर तीन स्लाइड आणि शेजारी टिपणांसाठी रेघा असलेली छापील प्रतच अधिक भरवशाची.