निशाण आधी दिसायला हवं

ऑक्टोबर १७२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांची गाठ पडली. खान मारला गेला आणि दख्खनेत निजामाचं राज्य उभं राहिलं. अशा रणात दोन्हीकडे घोडदळ, पोशाख मिळतेजुळते, वर तोफांचा धूर. आपलं पथक चुकलेल्या स्वाराने जायचं कुठे? माझ्या मते लष्करी निशाणाचा जन्म या प्रश्नातून झाला. मानमरातब त्याला मागाहून चिकटला. शिंग-नौबत होतीच, पण तिने हल्ला कधी ते कळे. सरदार कुठे ते डोळ्यांनाच शोधावं लागे. म्हणून तर निशाण हत्तीवर चढवत. यावर कोणी म्हणेल, मराठ्यांचं निशाण जरीपटका तर छत्रपतींनी दिलेल्या अधिकाराची खूण होता, त्याला नुसतं साधन कसं म्हणायचं? पण रणात अधिकार दिसला तरच चालतो. पानिपतावर विश्वासराव पडल्यावर भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, आणि रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला. निशाण पडलं की हेच होई. म्हणून शत्रू आधी त्याच्यावर तुटून पडे आणि ते धरणारा मानाचा ठरे.

मग लांब पल्ल्याच्या बंदुका आल्यावर निशाणं संपायला हवी होती, हा आक्षेप रास्त आहे. रणातून ती गेलीही. ब्रिटिश पलटणीने आपलं निशाण लढाईत नेल्याचा शेवटचा प्रसंग १८८१ मधला, दक्षिण आफ्रिकेतल्या लैंग्ज नेकचा. पण तोवर निशाणांवर लढायांची नावं चढली होती. बुलढाण्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी ईस्ट इंडिया कंपनीपुढे शिंदे-भोसल्यांच्या फौजा हरल्या. कंपनी सरकारने तिथे लढलेल्या गोऱ्या पलटणींना जादा मानाचं निशाण दिलं; त्यावर हत्ती आणि ‘असई’ हा शब्द. मद्रासच्या देशी पलटणींनाही हा मान मिळाला. निशाण आता वाट दाखवत नव्हतं, ते पलटणीची वही झालं होतं. वहीत काय ठेवायचं, हे मात्र ती बाळगणारा ठरवतो. देशबांधवांविरुद्धच्या लढायांचे मान मिरवायचे नाहीत, असं स्वतंत्र भारताच्या सैन्याने ठरवलं. इतिहास पुसला, अशी तक्रार त्यावर होते. ती मला पटत नाही. असईची लढाई ग्रंथांत आहेच, मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हात तो हत्तीही आहे. आज राष्ट्रपतींच्या हस्ते मिळणाऱ्या निशाणापुढे जवान सलामी देतो, तेव्हा त्यावर असईचा विजय कोरलेला नसणंच योग्य आहे.